पायी विहाराचा नकाशा

कार्तिकी पौर्णिमा झाली की श्रीसंघांमध्ये विहाराच्या चौकशा सुरू होतात. पूज्य साधू-साध्वीजी भगवंत कोणत्या दिशेने प्रस्थान करणार असे विचारले, तर उत्तर ‘वर्तमान जोग’ किंवा ‘क्षेत्रस्पर्शना असेल तसे’ एवढेच येते. साधुभाषेत उद्याची ग्वाही नसते. परंतु ठाणा पाच असोत की पंधरा, त्यांचा उद्याचा मुक्काम, तेथील प्रासुक पाणी, निर्दोष गोचरीची शक्यता आणि वाटेवरची सुरक्षितता यांचा विचार कोणाला तरी आजच करावा लागतो. तो श्रावकाने करावयाचा असतो, आणि नकाशा पाहणे हा त्याचाच एक भाग आहे.

एका पिढीपूर्वी पूर्व विदर्भात हे काम गावोगावचे वयस्क श्रावक करीत. धान, तेंदूपत्ता, कापड किंवा किराणा यांच्या व्यापारानिमित्त त्यांनी पंचक्रोशीतले आठवडी बाजार पालथे घातलेले असत. कोणत्या गावच्या शाळेला व्हरांडा आहे, कोणती विहीर चैत्रात आटते, कोणत्या नाल्यावर पूल नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. त्या पिढीची दुकाने आता नातवंडांकडे आली, मालाची मागणी मोबाइलवर नोंदवली जाऊ लागली आणि बाजार फिरणे थांबले. विहाराचा मार्ग ठरविताना आज एखादा उत्साही तरुण मोबाइलवर दोन गावांची नावे टाकतो, पडद्यावर उमटलेली निळी रेघ श्रीसंघाच्या गटावर पाठवतो आणि काम झाले असे समजतो. त्याचा भाव शुद्ध असतो. त्याच्या हाती आलेली माहिती मात्र अपुरी असते.

सपाट, दाट वस्तीच्या मुलखात ही अपुरी माहिती बहुधा निभावून जाते. मार्ग चुकला तरी पुढच्या चौकात विचारता येते, दोन-तीन किलोमीटरवर पुढचे गाव असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तशी स्थिती नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा सुमारे तीन-चतुर्थांश वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची वस्ती ताडोबाच्या कुंपणात मावण्यासारखी उरलेली नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांतील शेतशिवारांतही वाघ वावरतो आणि मोहफुले वा तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे त्याच्या हल्ल्यांत जीव गमावतात. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. अशा मुलखातून अनवाणी चालणाऱ्या साध्वीजींचा आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्या विशीतल्या मुलामुलींचा मार्ग आखताना एका रेघेवर विसंबणे परवडणारे नाही.

चिमूर ते चंद्रपूर हे उदाहरण पाहावे. दोन्ही गावे नकाशावर जवळजवळ एकाखाली एक आहेत. सरळ रेषेत अंतर साठ किलोमीटरच्या आसपास भरते आणि वरोऱ्यावरून फिरून गेले तर ते शंभराच्या घरात जाते. कोणाही व्यवहारी माणसाचे बोट सरळ रेषेकडे वळेल. चिमूरहून कोलारा, तेथून ताडोबा, मग मोहर्ली आणि पद्मापूरमार्गे चंद्रपूर, असे रस्ते उपग्रहचित्रात स्पष्ट दिसतातही. पण या रेषेच्या मधोमध ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे ठरलेल्या प्रवेशद्वारातून, ठरलेल्या वेळी, परवाना व मार्गदर्शक घेऊन वाहनातूनच जाता येते. पायी जाण्याचा प्रश्नच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना प्रवेशास मनाई केली आहे. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरून पुढे निघून जाणाऱ्याला त्यात सवलत आहे, परंतु जंगलातील प्रत्येक दिसणारा रस्ता हमरस्ता नसतो. वनखात्याची गस्तीची वाट आणि जिल्हा मार्ग यांतला फरक उपग्रहाला कळत नाही. दोन्ही त्याला तांबूस पट्ट्याच दिसतात.

मग पाहावयाचे काय? खातेपुस्तक आणि बँकेचे विवरणपत्र यांचा मेळ घातल्यावाचून कोणताही व्यापारी वर्षअखेरीची शिल्लक मान्य करीत नाही. मार्गाच्या बाबतीतही दोन-तीन स्वतंत्र नोंदी समोर ठेवल्या तर प्रत्येकीतली उणीव दुसरीत उघडी पडते. आनंदाची गोष्ट अशी की या नोंदी आज घरबसल्या आणि बहुतांशी विनामूल्य मिळतात.

पहिला मान भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांचा. हा विभाग १७६७ साली स्थापन झाला. त्याचे तपशीलवार नकाशे सर्वसामान्यांना मिळणे एके काळी दुरापास्त होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीचे नकाशे आणि जनतेसाठीचे नकाशे अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये, विभागाच्या अडीचशेव्या वर्षी, जनतेसाठीचे नकाशे ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय झाली. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या पाचशे मीटरइतका. जुन्या क्रमांकपद्धतीत चंद्रपूर शहर ५६ एम या भागात आणि ताडोबा ५५ पी या भागात येतो. हे नकाशे वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते, पण ती दोन संध्याकाळींची गोष्ट आहे. तुटक रेघ ही पायवाट किंवा गाडीवाट, निळी रेघ बारमाही पाण्याची आणि काळी रेघ कोरड्या पडणाऱ्या नाल्याची, हिरवा रंग वनाचा, पिवळा शेतीचा. विश्रामगृहे, टपाल कार्यालये, पोलीस ठाणी आद्याक्षरांनी दाखवलेली असतात. विहाराची आखणी करणाऱ्याला विश्रामगृहाचे ते दोन अक्षरी चिन्ह एखाद्या दिवशी संपूर्ण संघाचा मुक्काम मिळवून देऊ शकते.

या नकाशांचा आणि या मुलखाचा एक जुना संबंध आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्याने भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, तो विल्यम लॅम्टन हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. जामहून हैदराबादच्या हमरस्त्याने निघाले की पहिले मोठे गाव हिंगणघाटच लागते. नागपूरहून दक्षिणेकडे विहार करणारे कितीतरी संघ त्या गावातून जातात. त्याच्या मोजणीवर पुढे जे नकाशे उभे राहिले, त्यांचेच वंशज आज मोबाइलवर उतरवून घेता येतात.

सर्वेक्षण विभागाच्या नकाशाची मर्यादा ही की तो जुना असू शकतो. ताडोबाच्या गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे गेल्या वीसेक वर्षांत बाहेर वसवली गेली. जुन्या नकाशावर ती आपापल्या जागी नांदत आहेत. म्हणून त्यासोबत ताजे उपग्रहचित्र पाहावे. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून उपलब्ध आहे, गूगल अर्थ तर सर्वांच्या परिचयाचे. उपग्रहचित्रात दोन गोष्टी विशेषकरून शोधाव्यात. एक सावली: रस्त्याच्या कडेला झाडी किती अंतर सोबत करते आणि कोठे उघडा माळ सुरू होतो. दुसरे पाणी: या धानपट्ट्यात प्रत्येक मोठ्या गावाला माजी मालगुजारी तलाव असतो आणि शेतांतून बोड्या पसरलेल्या असतात. तलाव दिसला की गाव वसते आहे असे समजण्यास हरकत नाही. अनवाणी चालणाऱ्याला सावली आणि डांबर यांचा हिशेब किलोमीटरच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे. हिरवळ, चिखल, ओल्या मातीची पांदण ही जीवरक्षेच्या दृष्टीने त्याज्य, म्हणून साधू-साध्वीजींना बहुधा पक्का रस्ताच घ्यावा लागतो. गिर्यारोहणाची आवड असलेला तरुण ज्या पायवाटेवर खूश होईल, ती विहारासाठी निरुपयोगी ठरते. परदेशी पद्धतीने बनवलेली पदभ्रमणाची उपयोजने हा भेद जाणत नाहीत.

तिसरी नोंद ओपनस्ट्रीटमॅपची. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकांनी लोकांसाठी भरलेला आहे. विश्वकोशासारखा कोणीही त्यात भर घालू शकतो, दुरुस्ती करू शकतो. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड ही उपयोजने तोच नकाशा मोबाइलमध्ये साठवून घेतात आणि संपर्कजाळे नसतानाही दाखवतात. एटापल्ली, भामरागडकडे संपर्क जातो तो तासन्‌तास येत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सोयीचे मोल सांगावे लागणार नाही. आखलेला मार्ग जीपीएक्स नावाच्या लहानशा फाइलमध्ये साठवता येतो आणि ती पुढच्या संघाला पाठवता येते. मात्र लोकांनी भरलेल्या नकाशात लोक जेथे गेले तेथलीच भर असते. पुण्या-मुंबईच्या किल्ल्यांवरची प्रत्येक वाट त्यात सापडेल. गडचिरोलीच्या कित्येक टोल्यांची नावेही सापडणार नाहीत.

नावांच्या बाबतीत येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या दोन जिल्ह्यांत नावे फसवतात. नकाशावर नाव आहे म्हणून वस्ती आहे असे मानू नये. महसुली दप्तरात कितीतरी गावांपुढे ‘रिठी’ असा शेरा असतो. रिठी म्हणजे उजाड गाव. शिवार आहे, सर्व्हे नंबर आहेत, माणूस नाही. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर अशा गावापुढे बहुधा उजाड असल्याची नोंद सापडते, मोबाइलवरच्या नकाशात ती अनेकदा गळून पडते. सकाळी बारा किलोमीटर चालून संघ तेथे पोहोचला तर पाण्याचा थेंब मिळणार नाही. याउलट एकाच नावाची दोन-तीन गावे शेजारी नांदतात. सावली तालुक्यात व्याहाड खुर्द आणि व्याहाड बुद्रूक आहेत. चामोर्शीकडे ‘चक नंबर एक’, ‘चक नंबर दोन’ अशा शेपट्या लागलेली गावे आहेत. चिठ्ठीवर चक नंबर लिहायचा राहिला की सामानाची गाडी एका गावी आणि संघ दुसऱ्या गावी अशी गत होते. माल पाठविताना पत्त्यातील एका अक्षराने काय घडते हे व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

नावामागे वस्ती आहे की नाही हे पाहण्याचा उत्तम मार्ग जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आहे, आणि आश्चर्य असे की विहाराची तयारी करणारे क्वचितच ती उघडतात. २०११ च्या जनगणनेच्या चंद्रपूर व गडचिरोलीच्या पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांत प्रत्येक गावाची लोकसंख्या, शाळा, पिण्याच्या पाण्याचा स्रोत, आरोग्य केंद्र, बसथांबा, आठवडी बाजार अशी रकानेवार माहिती मिळते. ज्या गावाच्या लोकसंख्येच्या रकान्यात शून्य आहे ते मुक्कामाच्या यादीतून तत्काळ काढावे. आकडे दीड दशकापूर्वीचे आहेत हे खरे; पण शाळा आणि तलाव सहसा जागा सोडत नाहीत. ज्यांना आणखी मागे जाण्याची हौस असेल त्यांनी १९०९ चा चांदा जिल्ह्याचा गॅझेटियर इंटरनेटवर शोधून पाहावा. मोठ्या गावांच्या नोंदींत आठवडी बाजाराचा वारही लिहिलेला सापडतो, आणि काही गावांत बाजार अजून त्याच वारी भरतो का हे ताडून पाहणे हा फावल्या वेळेचा चांगला उद्योग आहे.

आता या सर्व नोंदी एका मार्गावर लावून पाहाव्यात. चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर मूलमार्गे सुमारे ऐंशी किलोमीटर: चंद्रपूर ते मूल पंचेचाळीसच्या आसपास आणि मूल ते गडचिरोली चाळिशीच्या आत. मोबाइल पायी चालण्याचा वेळ ताशी सुमारे पाच किलोमीटर धरून सांगतो. शूज घालून, पाठीवर पिशवी टाकून चालणाऱ्या तरुणाचा तो वेग झाला. अनवाणी, साडेतीन हात पुढची भूमी न्याहाळत, वृद्ध साध्वीजींना सांभाळून चालणाऱ्या समुदायाला ताशी तीन ते साडेतीन धरावे आणि दिवसाला बारा-चौदा किलोमीटरांहून अधिक धरू नये. म्हणजे सहा ते सात मुक्काम. लोहारा ओलांडले की जंगल सुरू होते. बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे परिचित झालेले चिचपल्ली वीसेक किलोमीटरवर आहे, पुढे अजयपूर. ताडोबा आणि दक्षिणेकडील वने यांच्यामधून वाघांची जी ये-जा चालते ती याच पट्ट्यातून. येथे मुक्काम दोन आणि तेही मोठ्या गावांतच घ्यावेत. मध्येच एखादे मोकळे सभागृह दिसते म्हणून ठरलेले अंतर मोडू नये. मूल ओलांडल्यावर शेतीचा मुलूख लागतो, सावलीनंतर व्याहाड येते आणि वैनगंगेचा पूल पार केला की गडचिरोली.

अंतर आणि मुक्काम ठरले तरी वेळ ठरायची राहते, आणि या जिल्ह्यांत सर्वांत मोठी जोखीम वेळेची आहे. उन्हाच्या भीतीने पहाटे चारला, साडेचारला निघण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे. महामार्गांवर अंधारात झालेल्या अपघातांत कित्येक साधू-साध्वीजींना प्राण गमवावे लागले. जंगलपट्ट्यात त्यात वाघाची भर पडते. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर जंगलालगत जाऊ नये असे वनविभाग गावोगावी बजावत असतो. ईर्यासमितीचा मूळ नियम याहून वेगळे काय सांगतो? भूमी डोळ्यांनी स्पष्ट दिसेल अशा प्रकाशात चालावे. जीवरक्षेसाठी घातलेला नियम आणि वनरक्षकाची सूचना यांचा येथे अक्षरशः मेळ बसतो. मग उन्हाचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर महिन्यांच्या निवडीत आहे. कार्तिकी पौर्णिमेपासून होळीपर्यंतचा काळच या मार्गासाठी योग्य. त्यानंतर मोहफुलांचा हंगाम येतो, पहाटे माणसे जंगलात असतात, वैशाखात तेंदूपत्ता सुरू होतो आणि डांबर सकाळी नऊलाच पोळू लागते. चैत्र-वैशाखात या बाजूने विहार व्हावा अशी विनंती श्रीसंघाने करूच नये, इतके स्पष्ट म्हणावयास हरकत नाही. मार्ग लांबला तरी चालेल, पण भाविकांच्या आग्रहाचे ओझे अनवाणी पावलांवर टाकू नये. हवामानाचा अंदाज भारतीय हवामान विभाग देतो, आणि वळवाच्या दिवसांत विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे उपयोजन पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. ते सोबतच्या एका तरी श्रावकाच्या मोबाइलमध्ये असावे.

नागपूरहून भद्रावतीला स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास येणारा मार्ग तुलनेने सोपा आहे. जाम, वरोरा, तेथून वीस किलोमीटरवर भद्रावती आणि पुढे पंचवीस किलोमीटरवर चंद्रपूर. घरे आहेत, दुकाने आहेत, तीर्थाची धर्मशाळा आहे. चंद्रपूरच्या पुढे बल्लारपूर, राजुरा, आसिफाबादवरून कुल्पाकजीकडे जाणाऱ्या संघांना मात्र कोळशाच्या आणि सिमेंटच्या मालमोटारींचा सामना करावा लागतो. गडचिरोलीच्या दक्षिणेस चामोर्शी, आष्टी, आलापल्ली या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक असते. कोणताही नकाशा मालमोटारींची वर्दळ दाखवत नाही. मोबाइलवरचा लाल रंग वाहने अडखळली तरच उमटतो. भरधाव जाणाऱ्या मालमोटारींचा रस्ता तेथे निळाच दिसतो. ही माहिती रस्त्याकडेच्या दुकानदाराकडेच मिळेल, आणि आष्टी-आलापल्लीच्या बाजारपेठेत परिचयाचे एखादे तरी दुकान बहुधा निघते.

आष्टीजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते; त्याच परिसरात १९८६ साली घोषित झालेले चपराळा अभयारण्य आहे. पूर्वेकडे भामरागडच्या वाटेला पर्लकोटेच्या पुराने कित्येक पावसाळे गावाचा संपर्क तोडला. या भागात साधू-साध्वीजींचा विहार क्वचितच होतो, परंतु हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहण्यासाठी किंवा आलापल्लीचे जुने सागवान पाहण्यासाठी पायी मोहीम काढण्याचा विचार समाजातील तरुण मंडळे करतात. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. वनविभागाच्या विभागीय कार्यालयाला आणि वाटेवरील पोलीस ठाण्यांना आधी कळवून, त्यांनी सांगितलेला रस्ताच धरावा. आणि ज्या गावाच्या वनातून जायचे त्या ग्रामसभेला विचारावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना तो मिळाला आहे. ज्या जंगलात नकाशा केवळ हिरवा रंग दाखवतो तेथे एक गाव व्यवस्थापक म्हणून बसलेले आहे. दुसऱ्याच्या गोदामातून विचारल्याशिवाय कोणी वाट काढत नाही.

जगात लांब पल्ल्याच्या पायी वाटा अनेक आहेत. स्पेनमध्ये सांतियागोपर्यंतच्या यात्रेच्या सर्वांत प्रसिद्ध मार्गावर सुमारे आठशे किलोमीटर शिंपल्याची चिन्हे आणि पिवळे बाण वाट दाखवतात. जपानच्या शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. अमेरिकेतील अपालाचियन वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली, तिच्या मुक्कामांच्या पुस्तिका निघतात. एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा पालखीमार्ग कोठे विसावा, कोठे मुक्काम, या तपशिलासह दरवर्षी आधी छापून येतो. जैन समाजाकडे याहून कितीतरी मोठे पायी जाळे शतकानुशतके आहे, पण त्याची नोंद विखुरलेली आहे: काही छापील विहार-पुस्तिकांत, काही मोबाइलवरच्या उपयोजनांत, बरीचशी व्यक्तींच्या आठवणीत. पूर्व विदर्भाचा भाग त्यांत सर्वांत पातळ.

तो जाड करणे कठीण नाही. विहार संपल्यावर सोबतच्या एका श्रावकाने संध्याकाळी अर्धा तास बसून काही गोष्टी लिहाव्यात: प्रत्यक्ष चाललेले अंतर, मुक्कामाची इमारत, ती कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, पाणी उकळण्याची सोय, शाकाहारी घरांची संख्या, रस्त्याची पृष्ठभूमी, सावलीचे टप्पे, वनरक्षकाने सांगितलेली सूचना आणि तारीख. तारीख विसरू नये; बिनतारखेची नोंद लेखापरीक्षकही स्वीकारीत नाही. गावाचे, तलावाचे, शाळेचे नाव ओपनस्ट्रीटमॅपवर मराठीतून घालता येते. खासगी व्यक्तीचे नाव किंवा दूरध्वनी क्रमांक मात्र सार्वजनिक नकाशावर टाकू नये, तो श्रीसंघाच्या वहीतच असावा. साध्वीजी अमुक दिवशी अमुक शाळेत मुक्कामाला आहेत ही माहितीही आधीपासून जाहीर करीत सुटू नये.

शाळेच्या मुक्कामाबद्दल एक व्यावहारिक बाब राहिली. इमारत नकाशात आहे, पुस्तिकेत आहे, मुख्याध्यापकांची परवानगीही आहे, आणि तरीही दिवाळीच्या सुटीत संघ कुलूपबंद फाटकासमोर उभा राहतो, कारण किल्ली शेजारच्या गावी राहणाऱ्या शिपायाकडे असते. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास ग्रामीण शाळांना सुटी असण्याचा संभव असतो. वहीत शाळेच्या नावापुढे एक रकाना किल्लीचा ठेवावा, आणि निघण्याच्या आदल्या दुपारी, संध्याकाळ होण्याची वाट न पाहता, तो रकाना एका दूरध्वनीने तपासून घ्यावा.